मला, माळा, मळा आणि लेकीचा लॅपटॉप



पोस्ट लांबलचक आहे, आधीच सांगते. चहा घेऊन बसा, आणि जमलं तर घरातला पोरांचा लॅपटॉपही शेजारी ठेवा.

जानेवारीच्या शेवटी इथल्या शाळा उघडायच्या आधी आपल्या सगळ्यांच्या घरी काय चालतं ते तुम्हाला माहीत आहे. स्टेशनरीची यादी, वह्यांवर नावं, डब्यावर नाव, उन्हाच्या टोपीवर नाव, स्वेटरच्या कॉलरला लेबल. यंदा लेक इयर सेव्हनमध्ये गेली आणि यादीच्या शेवटी एक ओळ वाढली होती: स्वतःचं डिव्हाइस आणावं. घेतला लॅपटॉप. खोकं उघडलं, पासवर्ड घातला, शाळेचं वायफाय तिचं तिने शाळेत जाऊन जोडलं. संपलं. दप्तरातली सगळ्यात महाग वस्तू, आणि तिच्यावर आम्ही घालवलेला वेळ डब्याला लेबल लावायला लागतो त्याहून कमी.

तीन आठवड्यांनी रविवारी साताऱ्याला माझ्या आईला व्हिडिओ कॉल लावला. इथे संध्याकाळचे सात, तिथे सकाळचे साडेअकरा. (हिवाळ्यात हेच साडेबारा होतात, आणि तिच्या जेवणाची वेळ मोडते.) लेक तिच्या नव्या लॅपटॉपवरून बोलणार म्हणून आई पावडर लावून बसली होती. आवाज येतोय, चित्र नाही. "अगं, मला नुसता काळोख दिसतोय." बंद करून चालू केलं. सेटिंग्ज पाहिल्या. नवऱ्याने काहीतरी अपडेट केलं. काळोखच. शेवटी फोनवरून बोललो.

सोमवारी मी लॅपटॉप घेऊन एका दुकानात गेले. तपासणीची फी आधीच भरून घेतली. तिथल्या पोराने लॅपटॉप उघडला, स्क्रीनच्या वरच्या काठावरची एक इवलीशी पट्टी नखाने सरकवली, आणि माझा चेहरा स्क्रीनवर आला. चांगलाच लालबुंद. कॅमेऱ्याला झाकण होतं, आणि ते लागलं होतं. पोरगा हसला नाही, हे त्याचं मोठेपण.

मी दिवसाचे आठ तास कॉम्प्युटरसमोर असते. लेक माझ्याहून भराभर टाइप करते. आणि आम्हा दोघींनाही त्या झाकणाचा पत्ता नव्हता.

परत येताना गाडीत विचार करत होते. आपण कौतुकाने म्हणतो, "आमची पोरं कॉम्प्युटरवर सगळं करतात." करतात, पण स्क्रीनच्या आत. त्या यंत्राच्या कडेला काय आहे, कुठलं बटण कशासाठी, हे त्यांना कोणी सांगितलेलंच नसतं. आपण धरून चालतो की शाळा शिकवेल. शाळा धरून चालते की घरी माहीत असेल. मधल्या मध्ये पोर चुकतमाकत शिकतं, आणि काही गोष्टी कधीच शिकत नाही.

मग शनिवारी जेवणं झाल्यावर आम्ही दोघी टेबलाशी बसलो. नियम एकच: मी यंत्राला हात लावायचा नाही. ती बोट ठेवणार, आणि ते काय आहे हे दोघींनी मिळून शोधायचं.

आधी भोकं

लॅपटॉप बंद करा, उचला आणि चारही कडांनी बघा. आमच्याकडे दोन्ही बाजूंना मिळून सहा भोकं निघाली. पोर्ट म्हणायचं असेल तर म्हणा, आमच्या घरी आता 'भोकं' हाच शब्द रुळलाय.

चपटं आयताकृती, आत जीभ असलेलं ते जुनं यूएसबी. १९९६ सालचं. पेन ड्राइव्ह, माउस यांचं. ते एकाच बाजूने जातं, त्यामुळे आपण सगळे पहिल्यांदा उलटं घालतो, मग फिरवतो, आणि कधी कधी पुन्हा फिरवतो. लेकीला सांगितलं की हे घडवणाऱ्या इंटेलमधल्या लोकांत बडोद्याला शिकलेले अजय भट्ट आघाडीवर होते. ती म्हणाली, "मग त्यांना सांग ना, दोन्हीकडून जाईल असं करायला."

तसं झालं, पण २०१४ साली. ते लहान, लंबगोल भोक म्हणजे यूएसबी-सी. आत २४ पिना आहेत, आणि सुलट-उलट कसंही घातलं तरी चालतं. गोंधळ वेगळ्याच ठिकाणी आहे. दोन भोकं दिसायला जुळी, पण एकातून चार्जिंग होतं, दुसऱ्यातून होत नाही. एकातून टीव्हीवर चित्र जातं, दुसऱ्यातून नाही. भोकाशेजारी बारीक चिन्ह असतं का बघा: वीज, प्लग, स्क्रीन. ते आधी वाचायचं. चार्जरचंही तसंच. फोनचा चार्जर लॅपटॉपच्या यूएसबी-सीमध्ये बसतो, म्हणून तो पुरतो असं नाही. शाळेच्या साध्या लॅपटॉपला बहुतेक वेळा ४५ किंवा ६५ वॅटचा लागतो. लेक दोन दिवस माझा फोनचा चार्जर लावून "चार्जच होत नाही" म्हणत होती, त्याचं कारण हे.

दोन कोपरे कापल्यासारखं रुंद भोक म्हणजे एचडीएमआय. वर्गातल्या मोठ्या स्क्रीनचं किंवा घरच्या टीव्हीचं. वायर लावूनही चित्र आलं नाही तर विंडोज आणि पी एकत्र दाबायचं, मग तोच पडदा दाखवायचा की वेगळा, हे यंत्र विचारतं.

गोल भोक हेडफोनचं, साडेतीन मिलिमीटरचं. याची गोष्ट लेकीला सगळ्यात आवडली. एकोणिसाव्या शतकात टेलिफोन एक्स्चेंजमध्ये ऑपरेटर बायका एकाचा फोन दुसऱ्याला जोडायला ज्या पिना भोकांत घालत, त्याच पिनेचं हे धाकटं भावंडं.

आणि एक बारीकशी खाच, जिच्यात कुठलीच वायर जात नाही. ती साखळी-कुलूप लावायची, ऑफिसात यंत्र टेबलाला बांधून ठेवायला. लेकीने कबूल केलं की तिने त्यात केसांची पिन घालून पाहिली होती. घराघरांत विचारा, असे कबुलीजबाब निघतील.

चार्जर उलटा करून वाचायलाही लावा. 'इनपुट १०० ते २४० व्होल्ट, ५०/६० हर्ट्झ' असं असेल तर तो भारतात बिनधास्त चालतो. इथे आणि तिथे वीज २३० व्होल्ट, ५० हर्ट्झच आहे. फरक फक्त पिनांचा: इथे दोन तिरक्या पट्ट्या आणि एक सरळ, तिथे तीन गोल. डिसेंबरात घरी जाताना नवा चार्जर नको, एक साधा अडॅप्टर पुरतो. बटण मात्र दोन्ही देशांत खाली दाबलं की चालू. इतक्या लांब येऊन एवढं तरी सारखं राहिलं!

एक व्यवहाराची गोष्ट. विकत घेतलेली वस्तू सदोष निघाली तर इथे १९९३ चा कन्झ्युमर गॅरंटीज ॲक्ट आपल्या बाजूने असतो. पण वायरीत पाय अडकून लॅपटॉप ओढला गेला आणि चार्जिंगचं भोक ढिलं झालं, तर तो दोष वस्तूचा नसतो. म्हणून आमच्या घरी आता चार्जिंगची जागा ठरलेली आहे: भिंतीकडची खुर्ची, येण्याजाण्याच्या वाटेवर नाही.

मग बटणं

पॉवरचं बटण हलकेच दाबलं की यंत्र झोपतं. दहा सेकंद दाबून धरलं की जबरदस्तीने बंद होतं. दुसरा उपाय फक्त सगळं अडकल्यावर. आमची लेक रोज रात्री तोच करत होती. "पटकन होतं ना!" म्हणे.

वरच्या रांगेत बारीक चित्रं असतात: सूर्य म्हणजे उजेड, भोंगा म्हणजे आवाज, विमान म्हणजे सगळं वायरलेस बंद. "इंटरनेट गेलं!" असा हंबरडा आला की आधी विमान बघा. माउसची पाटी चालेनाशी झाली तर तिचंही बटण याच रांगेत असू शकतं. पासवर्ड तीनदा चुकला तर कॅप्स लॉकचा दिवा बघा. आणि हो, कॅमेऱ्याचं झाकण. कधी पट्टी असते, कधी बटणावर कॅमेऱ्याचं चित्र आणि त्यावर काट.

तुमच्याकडे क्रोमबुक असेल तर कॅप्स लॉक शोधत बसू नका. बहुतेक क्रोमबुकांवर त्या जागी शोधायचं बटण असतं. कॅप्स लॉक हवाच असेल तर आल्ट धरून ते दाबायचं.

शॉर्टकट: कोणते आणि का

इंटरनेटवर शंभर शॉर्टकटांच्या याद्या मिळतात. त्या पाठ होत नाहीत, आणि करायचीही गरज नाही. मी लेकीला म्हटलं, तुला येणारा एक दाखव. तिने आल्ट आणि टॅब दाबलं, समोरचा गेम गेला, गणिताचा गृहपाठ आला. मग आपण काय दाखवून बसलो हे तिच्या लक्षात आलं. तर पालकहो, खोलीत शिरताना 'टक्‌' असा आवाज आला तर तो याचा.

आम्ही सहाच निवडले:

कंट्रोल + झेड: शेवटचं केलेलं मागे घ्या.
कंट्रोल + शिफ्ट + टी: चुकून बंद झालेला टॅब परत आणा.
कंट्रोल + एफ: लांबलचक पानावर शब्द शोधा.
विंडोज + शिफ्ट + एस: स्क्रीनचा हवा तेवढा तुकडा कापून घ्या. गृहपाठात काही अडलं तर शिक्षकांना दाखवायला.
विंडोज + एल: उठून जाताना कुलूप.
कंट्रोल + सी आणि व्ही: हे सगळ्यांना येतात, म्हणून दोन मिळून एकच मोजला.

कापा-चिकटवा ही कल्पना १९७० च्या दशकात झेरॉक्सच्या प्रयोगशाळेत लॅरी टेस्लर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी घडवली. टेस्लर २०२० मध्ये गेले. झेड, एक्स, सी, व्ही ही चार बटणं शेजारी शेजारी आहेत, डाव्या हाताला न बघता सापडतात. हे कळलं की पाठ करावं लागत नाही.

याचा शाळेशी काय संबंध, असं नवरा म्हणाला. संबंध आहे. २०२४ पासून एनसीईएसाठी वाचन, लेखन आणि अंकज्ञानाचं वेगळं क्रेडिट मिळवावं लागतं, आणि त्याच्या परीक्षा प्रामुख्याने स्क्रीनवरच होतात. बहुतेक मुलं त्या इयर टेनमध्ये पहिल्यांदा देतात. तिथे अर्धा परिच्छेद चुकून पुसला गेला आणि कंट्रोल झेड ठाऊक नसेल, तर पोराला मजकूर येत असूनही घाम फुटतो.

इथपर्यंत माझी पोस्ट संपली असती. पण टॅबच्या वर, एक आकड्याच्या डावीकडे एक बटण आहे. मी ते आयुष्यात कधी दाबलं नव्हतं. मी म्हटलं, "हे कशासाठी असतं कोण जाणे." लेक म्हणाली, "हे? हे तर मी रोज वापरते."

तोहुतो

तिच्या लॅपटॉपवर शाळेने सांगितल्याप्रमाणे माओरी कीबोर्ड जोडलेला होता. त्यावर ते कोपऱ्यातलं बटण दाबून मग स्वर दाबला की स्वराच्या डोक्यावर आडवी रेघ येते. त्या रेघेला तोहुतो म्हणतात. तिने मला तिची पेपेहा दाखवली, म्हणजे ते रेओमध्ये स्वतःची ओळख करून देण्याची पद्धत. त्यात आई-वडिलांची नावं सांगणारी ओळ होती, आणि शेवटचा शब्द होता 'मातुआ'.

"रेघ नसेल तर ते मतुआ होतं," ती म्हणाली. "मतुआ म्हणजे एकच. मातुआ म्हणजे दोघं. रेघ विसरले तर तुमच्यातलं एक जण गायब."

मी तिला कागदावर देवनागरीत दोन्ही शब्द लिहून दाखवले. मतुआ. मातुआ. इंग्रजी लिपीला ज्यासाठी वेगळी रेघ घ्यावी लागते, ते आपल्याकडे एका कान्यात होतं. दिन आणि दीन, शिर आणि शीर. लांबी बदलली की अर्थ बदलतो, हे आपल्याला कोणी वेगळं शिकवावं लागत नाही.

तिने कागद बघितला आणि विचारलं, "मग आपलं या कीबोर्डवर कुठे आहे?"

खरं सांगते, माझ्याकडे उत्तर नव्हतं. फोनवर मी मराठी लिहिते, पण लॅपटॉपवर? इतक्या वर्षांत कधी नाही. ते रेओला १९८७ च्या कायद्याने अधिकृत दर्जा मिळाला, त्याच कायद्याने भाषेचा आयोग नेमला, आणि आज बारा वर्षांच्या पोरीला शाळा विचारते, रेघ दिलीस का? आपली भाषा त्याच यंत्रात बसलेली आहे, पण ती उघडून द्यायला इथे कुठली शाळा येणार नाही. ते घरचंच काम आहे.

आणि त्याच आठवड्यात एक प्रकार घडला होता, तो मला तेव्हा नीट कळला.

माळ्यावर काय आहे?

लेक आजीला व्हॉट्सॲपवर मराठीत लिहिते, पण इंग्रजी अक्षरांत. आपली बहुतेक मुलं असंच लिहितात. तिने लिहिलं होतं, मला आजोबांचा मळा आठवतो. माझे वडील दोन वर्षांपूर्वी गेले. मळा आता खंडाने दिलाय. लहानपणी ती तिथे विहिरीजवळच्या चिंचेखाली तासन्‌तास खेळायची.

आता एम-ए-एल-ए ही चार अक्षरं डोळ्यांसमोर आणा. मला. माला. माळा. मळा. काहीही वाचा.

आईने वाचलं 'माळा'. आणि तिने कामाला येणाऱ्या मावशींना शिडी लावून माळ्यावर चढवलं. पोरीचं काहीतरी वर राहिलंय, तिला आठवण येतेय म्हणून. ट्रंका उतरवल्या, पितळेची भांडी उतरवली. मला फोन केला, "अगं, माळ्यावर हिचं काय होतं? मला काही सापडत नाही."

मी तेव्हा हसले होते, आणि "काही नाही गं आई" म्हणून विषय संपवला होता. त्या शनिवारी टेबलाशी बसून मला हसू आलं नाही. नातीने आजोबांबद्दल लिहिलेली ती पहिली ओळ होती, आणि ती आजीपर्यंत पोचलीच नव्हती. एका रेघेने मातुआमधलं एक माणूस गायब होतं असं लेक म्हणाली होती. आमच्याकडेही तेच झालं होतं.

मराठी उघडायची कशी

विंडोजवर: सेटिंग्ज, टाइम अँड लँग्वेज, लँग्वेज अँड रीजन, तिथे ॲड अ लँग्वेज, आणि मराठी. जोडताना 'डिस्प्ले लँग्वेज'ची खूण काढून टाका, म्हणजे शाळेचे मेनू इंग्रजीतच राहतील. मग विंडोज + स्पेस दाबलं की भाषा बदलते. मॅकवर कीबोर्डच्या सेटिंग्जमध्ये इनपुट सोर्सेस, आणि बदलायला कंट्रोल + स्पेस. क्रोमबुकवर सेटिंग्जमध्ये इनपुट मेथड शोधा. तिथेही बदलायला कंट्रोल + स्पेस. शाळेच्या ताब्यातलं यंत्र असेल तर काही सेटिंग्ज बंद असू शकतात, तेव्हा शाळेच्या आयटीवाल्यांना एक ईमेल टाका. मागण्यात लाज नाही.

विंडोजवर दोन प्रकार मिळतात. फोनेटिकमध्ये इंग्रजी स्पेलिंग करायचं आणि देवनागरी उमटते. सोपं आहे, मी तेच वापरते. पण पोर मराठी शब्दाचा विचार इंग्रजी स्पेलिंगमधूनच करत राहतं. दुसरा प्रकार इनस्क्रिप्ट. भारतीय लिप्यांसाठी ठरवलेला कळफलक, १९९१ च्या भारतीय मानकात असलेला. पहिल्यांदा बघून भीती वाटते, पण रचना अगदी आपल्या बाराखडीसारखी आहे. स्वर आणि काना-मात्रा डाव्या हाताला, बहुतेक व्यंजनं उजव्या हाताला. के दाबलं की क, शिफ्ट धरून के दाबलं की ख. आयवर ग, शिफ्ट धरून घ. 'आजी' लिहायचं तर शिफ्ट धरून ई, मग पी, मग आर. तीन ठोके.

आपल्यातल्या ज्यांनी शिवाजी फाँटात फाइल पाठवून पलीकडे किडेमकोडे उमटलेले पाहिलेत, त्यांना सांगते, ते दिवस गेले. युनिकोडमध्ये देवनागरी १९९१ च्या पहिल्या आवृत्तीपासून आहे. साताऱ्यात लिहिलेलं इथे तसंच्या तसं दिसतं.

आजीचा क्लास

पुढच्या रविवारी कॅमेऱ्याचं झाकण उघडं होतं. लेकीने आजीला लॅपटॉपचा कीबोर्ड दाखवला. आई चष्मा लावून जवळ आली आणि म्हणाली, "एफ आणि जेवर बोट फिरव. काही लागतंय का?" दोन बारीक उंचवटे. मला ते ठाऊक होते. आईला कसे ठाऊक? "बँकेतल्या पोरीने दाखवले होते. पहिलं बोट तिथे ठेवायचं. आमच्या मशीनवर उंचवटे नव्हते, पण बोटं तिथेच."

माझ्या आईने लग्नाआधी टायपिंग केलं होतं. मराठी ३०, इंग्रजी ४०. दोन वर्षं सरकारी कचेरीत टंकलेखक होती. मला हे माहीत होतं, पण लेकीला मी कधी सांगितलंच नव्हतं. का सांगितलं नाही कोण जाणे.

मग आईने अर्धा तास तास घेतला. शिफ्टला शिफ्ट का म्हणतात? टाइपरायटरमध्ये ते दाबलं की आतला भाग खरोखर सरकायचा आणि खिळ्यावरचं दुसरं अक्षर उमटायचं. एंटरवरचा तो वळलेला बाण कसला? ओळ संपली की घंटी वाजायची, मग दांडी ओढून गाडी पुन्हा सुरुवातीला न्यायची. त्यांच्याकडे पहिली वेलांटी आधी मारायची आणि अक्षर मागून. "तुझ्याकडे?" लेकीने मारून दाखवलं: आधी क, मग वेलांटी, आणि वेलांटी आपणहून अक्षराच्या मागे जाऊन बसली. "म्हणजे बोलतो तसंच लिहायचं," आई म्हणाली. "बरं केलंय." बॅकस्पेस त्यांच्याकडेही होता, पण नुसता मागे न्यायचा, पुसायचा नाही. लेकीने कंट्रोल झेड दाखवलं. आई जरा वेळ गप्प बसली, मग म्हणाली, "आमच्या साहेबांच्या एका पत्राला तीन कार्बन असायचे. एक अक्षर चुकलं की चारही कागद पुन्हा. हे बटण तेव्हा असतं ना, मी पाचच्या एसटीने घरी आले असते."

मी मागे उभी होते. हे यंत्र मी नातीचं समजत होते. निम्मं तर आजीच्या ओळखीचं निघालं.

कॉल संपल्यावर लेकीने विंडोज आणि स्पेस दाबलं, आणि एकेक अक्षर शोधत बसली. मी मदत केली नाही. नियम होता ना, हात लावायचा नाही. अधेमध्ये ती ओरडली, "आई, ल आणि ळ एकाच बटणावर आहेत!" हो. एनवर ल, शिफ्ट धरून एन म्हणजे ळ. मला आणि मळा यांत फरक फक्त एका शिफ्टचा.

बारा मिनिटं लागली. लॅपटॉपवरच्या व्हॉट्सॲपवरून ओळ गेली: आजी, मला आजोबांचा मळा आठवतो.

दोन निळ्या खुणा आल्या. उत्तर आलं नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी, म्हणजे तिच्या रात्री, एक फोटो आला. विहीर, चिंच, चिंचेखाली कोणाची तरी सायकल. आई रिक्षा करून मळ्यात गेली होती. खाली तिने फोनवर लिहिलं होतं: माळ्यावर नव्हतं, इथे होतं.

तर या शनिवारी

मंडळी, मी तुम्हाला तंत्रज्ञान शिकवायला बसलेली नाही. माझं कॅमेऱ्याचं झाकण तुम्हाला आता ठाऊक आहे. एवढंच सांगते, एक तास काढा. टीव्ही बंद. यंत्र पोराच्या हातात, तुमचे हात मागे. आधी कडा, मग वरची रांग, मग पाच-सहा शॉर्टकट. कोपऱ्यातलं ते बटण कशासाठी, हे पोरालाच विचारा, तुम्हाला नवं काहीतरी कळेल. आणि उठायच्या आधी मराठी उघडून द्या. नाव लिहायला सांगा, फक्त स्वतःचं. पहिल्या दिवशी तेवढंच पुरे. दुसऱ्या दिवशी आजी किंवा आजोबांचं.

आणि घरात कोणी टायपिंगची परीक्षा दिलेलं असेल, तर त्यांना कॉलवर घ्या. कुठल्या वर्षी, किती शब्दांची, मशीन कुठलं, सगळं विचारा. माझी आई आता दर रविवारी विचारते, "बोटं एफ-जेवर आहेत ना?"

तुमच्या घरच्या यंत्रात कुठलं बटण तुम्हाला उशिरा सापडलं, तेही लिहा. माझ्या दुकानातल्या फीची लाज थोडी कमी होईल.